अव्वाच्या बेलाखाली

...आन् वर मलाच विचारतात, "रेवणप्पा, तुमच्या अंगणात काहीतरी सापडलं म्हणं? सोनं का?" सोनं! अरे, सोनं सापडलं असतं तर मी इथं तुमच्यापुढं घसा कोरडा करत उभा ऱ्हायलो असतो का? तुम्हाला सांगतो, किडा सापडला, किडा! म्हणजे किडा बी न्हाई. किडा म्हणलं की आमचे भुजंगसर चिडायचे. "अप्पा, किड्याला सहा पाय असतात. याला आठ हायेत. हा कोळ्या-विंचवाच्या भावकीतला." आता मातीत राहणारं, मोहरीच्या दाण्याचा नातू शोभंल एवढं ते जित्राब, त्याचे पाय कोण मोजतंय? सर मोजायचे! पायच न्हाई, पाठीवरचे केस मोजायचे! जाऊ द्या. आपल्याला काय करायचंय म्हणा!

न्हाई, पण तुम्ही विचारलंच हाय तर ऐका. लातूर जिल्हा नवा नवा झाला होता तवाची गोष्ट. पेढे काय, फटाके काय, हापिसा-हापिसावरचं 'उस्मानाबाद' पुसून 'लातूर' लिहायला पेंटर पुरंनात! आन् नळ? नळ होता तसाच. सुंई सुंई करून वारा सोडायचा. आधी तालुक्याचा कोरडा नळ होता, आता जिल्ह्याचा कोरडा नळ झाला, एवढाच काय तो फरक. पाऊस रुसलेला, टँकर आला की बायका घागरी घेऊन अशा धावायच्या की टँकरवाला गाडी थांबवायच्या आधी स्वतःच उडी मारून पळायचा.

अशात आमच्या समोरच्या खोलीत भुजंगसर ऱ्हायला आले. नव्या कॉलेजात मास्तर, पण कच्चे. म्हणजे दर वर्षी 'ठेवायचं का काढायचं' ह्या हिशेबातले. मी काय कुणाच्या भानगडीत पडणारा माणूस न्हाई, तुम्हाला ठाऊकच हाय... का हसून राहिले? बरं, थोडी चौकशी केली. गाव कोणतं? भोकर. भावकी कुठं? मामा कोण? लगीन? न्हाई. कामून न्हाई? "नोकरी पक्की झाल्यावर करीन, अप्पा." आन् संशोधन कशावर? "मातीतल्या कोळ्यांवर. नवीन दिसला की तो कोणत्या कुळातला, कोणत्या घराण्यातला, कुणाचा चुलत, कुणाचा मावस, ते ठरवायचं." म्हणलं, अरे वा! मी गल्लीत जे जिंदगीभर फुकट करून राहिलो ते ह्यांना करायला पगार मिळतोय! आन् मला लोक चांभारचौकश्या म्हणतात!

मग एक दिवस काय दिसलं? मी मुद्दाम न्हाई बघितलं, त्यांची खिडकीच आमच्या तोंडावर. खोलीत एक मोठं नरसाळं टांगलेलं, नरसाळ्यात माती, मातीच्या वर दिवा, भर दुपारी पेटलेला, आन् खाली बाटली! वास कशाचा? स्पिरिटचा! शेजारचा केरबा लगेच माझ्या कानाला लागला, "मास्तर दारू गाळून राहिला, रेवणप्पा." मी म्हणलं, मातीची दारू? केरबा म्हणला, "शिकलेली माणसं हायेत बाबा, कशाची बी गाळतील."

गेलो. विचारलं तोंडावर. "सर, बाहेर उन्हानं सगळा जिल्हा भाजून निघाला, आन् तुम्ही घरात दिवा लावून माती वाळवून राहिले?" सर हसले. म्हणाले, "अप्पा, वरून गरम झालं की ते बारके जीव ओल शोधत खाली जातात. खाली, खाली, अजून खाली... आन् शेवटी बाटलीत पडतात."

मी गप्प झालो. मी! गप्प! सर घाबरले, म्हणाले काय झालं? म्हणलं, "काय न्हाई सर. हे तुमचे कोळी आमच्या मुखेडकडचे दिसतात." अहो, दुसरं काय केलं आम्ही? मी कडेवर होतो तवा असाच दुष्काळ पडला, आन् माझी आई, आम्ही तिला अव्वा म्हणायचो, ओल शोधत शोधत मुखेड सोडून ह्या लातुरात येऊन पडली. कडेवर मी, डोक्यावर बोचकं, आन् हातात फुटक्या गाडग्यात बेलाचं रोप! लोक हसले म्हणं. "पेयाला पाणी न्हाई आन् महादेवी झाड घेऊन चालली!" अव्वा म्हणली, "तिथं माझ्या लिंगाला बेल कोण देईल? तुम्ही?"

तोच बेल आमच्या अंगणात. अव्वानं नियम घालून दिलेला. पूजेचं पाणी पायाखाली जाऊ द्यायचं न्हाई, बेलाच्या बुडात वतायचं. वाहिलेली पानं उकिरड्यावर टाकायची न्हाईत, तिथंच बुडाशी ठेवायची. तिथं झाडू लावायचा न्हाई. अव्वा गेली, माझ्या बायकोनं, महानंदानं, तो नियम चालू ठेवला. टँकरच्या दिवसांत बी! केरबा भिंतीवरून वरडायचा, "वैनी, माणसाला आंघोळ न्हाई आन् झाडाला अभिषेक!" महानंदा म्हणायची, "भावजी, तुमच्या आंघोळीनं कुणाला बेल मिळणार हाय का?" पण तो केरबाचा न् तिचा मामला. आपल्याला काय करायचंय!

तर झालं काय, सरांनी सगळं लातूर उकरलं. कॉलेजचं मैदान, गंजाच्या बाजारामागची पांढरी माती, नदीचं पात्र. नरसाळ्यातून धूळ पडायची नुसती! जीव न्हाई. आन् एक दिवस आमच्या अंगणात येऊन म्हणाले, "काकू, बेलाखालची मूठभर माती घेऊ का?" महानंदानं आधी चप्पल काढायला लावली, मग घेऊ दिली.

दुसऱ्या दिवशी हा माणूस बशी हातात धरून, बनियनवर, रस्ता वलांडून आमच्या घरात! "अप्पा, अप्पा, हा कुणाच्याच पुस्तकात न्हाई!" मला भिंग दिलं. बघितलं. काय सांगू तुम्हाला... गोल, तुकतुकीत, भिजवलेल्या चिंचोक्यासारखं, पाठीवर घुमट घेतल्यागत वाकून, हळू हळू, एक एक पाय दमानं टाकत चाललंय. अव्वा म्हातारपणी तुळशीपासून बेलापर्यंत अश्शीच चालायची. मी आपलं भिंग परत दिलं. डोळ्यांत धूळ गेली होती. दुष्काळाची धूळ.

सर म्हणाले, "नवीन असला तर नाव ठेवायचा मान ज्यानं पहिल्यांदा ओळखला त्याचा. अप्पा, ही माती कुणाची?" म्हणलं अव्वाची. "नाव?" म्हणलं महादेवी. "मग तेच नाव. जगातल्या सगळ्या पुस्तकांत."

तुम्हाला सांगतो, माझ्या आईचं नाव कुठंच न्हाई. घर आधी बापाच्या नावावर, मग माझ्या. रेशनकार्डात काय तर 'रेवणप्पाची आई'! जिनं झाड आणलं, जिनं घर उभं केलं, ती बाई कागदावर जन्मलीच न्हाई म्हणा ना. आन् आता जगातल्या सगळ्या पुस्तकांत!

महानंदा मात्र भडकली. "काय? माझ्या सासूचं नाव किड्याला? लाज वाटत न्हाई? माझी सासू जन्मात कुणाला चावली न्हाई!" सर म्हणाले, "काकू, हा बी चावत न्हाई. पडलेली पानं खातो आन् त्याची माती करतो. तो हाय म्हणून झाड जगतंय." बयेनं पदरानं नाक पुसलं. म्हणली, "मग ठेवा."

पण ते एवढं सोपं असतंय का? कुणीतरी मोठ्या माणसानं 'हो, नवीन आहे' म्हणावं लागतंय. मोठ्या शहरातले मोठे साहेब, सरांच्या गुरूचे बी गुरू. त्यांनी कळवलं, "एका-दोघांवर जात ठरत नाही. नर पाहिजे, मादी पाहिजे, पिल्लं पाहिजेत. मी स्वतः येऊन त्या जागेतून काढेन." सरांचं तर सगळं त्याच्यावर टांगलेलं. साहेबांनी मान डोलावली तर कॉलेजवाले पक्कं करणार. पक्कं झालं तर भोकरची एक सोयरीक मीच बघून ठेवली होती. बघितली होती तर बघितली होती, आपल्याला काय करायचंय म्हणून सोडून द्यायचं का पोराला?

साहेब यायचा दिवस. मी आन् सर यस्टी स्टँडवर. गाडी आली, साहेब उतरले. पांढरी टोपी, गळ्यात भिंग, रुमालानं नाक धरलेलं. "अहो, काय हो ही धूळ तुमच्याकडे!" जशी मीच सकाळी उठून उधळून ठेवली होती. रिक्षात मी लातूरची सगळी माहिती दिली, ते झोपले. घर आलं. अंगणात पाय ठेवला...

आन् काय बघतो?

बेलाखाली सारवलेलं! गुळगुळीत! हिरवंगार शेणाचं सारवण, त्याच्यावर ही मोठी रांगोळी, चार कोपऱ्यांत हळदी-कुंकू, मध्ये पाट, पाटावर टॉवेल! आन् रांगोळीच्या कडेनं अजून एक पांढरी रेघ... ती रांगोळी नव्हती. नाकात झिणझिण्या आल्या. पावडर! किडे मारायची!

म्हणलं, "महानंदा! हे काय?" ती पदर सावरून हसऱ्या तोंडानं पुढं. "अवं, एवढा मोठा माणूस ज्या जागेला बघायला येतो ती जागा तशी पाचोळ्यात ठेवू? लोक आपल्याला काय म्हणतील? आत्याबाईची जागा हाय ती! आज तेवढा नियम मोडला मी, माफ करा म्हणलं त्यांना." "आन् पावडर?" "किडे किडे म्हणून तुम्हीच वरडून राहिले. साहेबाला चावलं तर? केरबा भावजींनी आणून दिली." केरबा भिंतीवर कोपर टेकवून उभा, जिंदगीत पहिल्यांदा उपयोगी पडल्याचा आनंद तोंडावर! "अजून पाहिजे का, रेवणप्पा? निम्मा डबा हाय." आन् पाणी कुठलं वापरलं म्हणता? पेयाचं! आमच्या वाटणीच्या घागरी! ज्या पाण्यासाठी ती टँकरखाली कोपरं फोडून घेत होती, ते सगळं तिनं पाहुण्याच्या मानासाठी जमिनीला पाजलं.

साहेब खूष. म्हणाले, "वा! किती स्वच्छ अंगण आहे हो तुमचं!"

पाटावर बसले. चमच्यानं उकरलं. भिंगातून बघितलं. अजून उकरलं. पोपडे निघाले सारवणाचे. सगळी गल्ली टाचा वर करून. "इथं काहीच नाही." पुन्हा उकरलं. "काहीच नाही हो. भुजंगराव, तुम्ही नक्की इथूनच काढलं होतं?"

आन् सर? मी म्हणलं आता हा माणूस वरडतोय, कपाळ बडवतोय. सर रांगोळीकडं बघत ऱ्हायले. महानंदाचं तोंड उतरत चाललेलं, तिला कळंना काय झालं ते. सर तिच्याकडं वळले आन् म्हणाले, "काकू, रांगोळी छान झालीय."

एवढंच. तुम्हाला सांगतो, एवढंच म्हणाले.

साहेबांनी पोहे खाल्ले, गुळाचा चहा घेतला. "बरं, तुमच्याकडे जे दोन-तीन आहेत ते द्या. बघतो काय करता येईल." बाटली खिशात घातली आन् गेले. कॉलेजवाले म्हणाले, साहेबांनी तर 'इथं काहीच नाही' म्हणलंय. सरांचं 'काढायचं' निघालं. बोजा-बिस्तरा बांधून गेले, किनवटकडं एका वसतिगृहाच्या शाळेत विज्ञान शिकवतात. जाताना नरसाळं नेलं, भिंग मला देऊन गेले. सोयरीकवाले मला अजून रस्त्यात टाळतात.

आन् मग बऱ्याच दिसांनी सरांचं पाकीट आलं, आत छापलेला कागद. नवीन निघाला म्हणं! साहेबांनी नवीन ठरवला! बाटलीतल्या त्याच दोन-तिघांवर! 'एका-दोघांवर जात ठरत नाही' म्हणणाऱ्यानं! नाव कुणाचं? साहेबांच्या गुरूचं. शोधलं कुणी? साहेबांनी. आन् भुजंगसर? शेवटी एका ओळीत आभार, 'माती आणून दिल्याबद्दल'. आन् सापडलं कुठं? 'जिल्हा उस्मानाबाद'! अहो, साहेबांकडं नकाशा जुना! म्हणजे अव्वाचं नाव न्हाई, सरांचं न्हाई, आन् ज्या जिल्ह्यासाठी आम्ही पेढे वाटले त्याचं बी न्हाई! महानंदाला मी कागदाचं काही सांगितलं न्हाई. तिनं विचारलं, "ठेवलं का आत्याबाईचं नाव?" म्हणलं, "हाव, ठेवलं." तिनं त्या दिवशी बेलाला वाटीभर पाणी जास्त घातलं.

पुढं पाऊस झाला. पानं पडली, कुजली, पावडर कुठल्या कुठं गेली. आन् परवा मी भिंग घेऊन बुडाशी बसलो होतो. काम काय मला? पान उचललं... आन् चिंचोका! बारका, तुकतुकीत, वाकून, दमादमानं चाललेला! तोच का दुसरा, मला काय कळतंय? पाठीवरचे केस मोजायला मी काय सर हाय? पण चाल तीच. मी हळूच म्हणलं, "अव्वा." थांबलं. त्याला ऐकू येत न्हाई, सर म्हणले होते. उगं थांबलं असंल.

कुणाला सांगू? सरांना कळवून बी काय, नाव एकदा पडलं की बदलत न्हाई म्हणं. साहेबाला कळवू? हॅट्! मी, ज्याच्या तोंडात गल्लीतला तीळ भिजत न्हाई, तो मी एवढे दिवस गप हाय! तुम्ही आपलेच म्हणून बोललो. कुणाला सांगू नका. कामून म्हणता? अहो, जगानं काय नाव ठेवलं ते ठेवलं, आपल्याला काय करायचंय... पण 'कुणीतरी बघायला येणार हाय' एवढं नुसतं कानावर गेलं ना, तर आमची महानंदा आत्ता शेण कालवायला घेईल!