तुम्हाला कोणती पट्टी लागते?

सोसायटीचे आणि आजच्या समारंभाचेही अध्यक्ष माननीय अनिरुद्धराव, व्यासपीठावर संकोचून बसलेल्या सत्कारमूर्ती सरोजिनीताई, आपले तबलजी रामदासकाका आणि धायरीच्या या सभागृहात वेळेआधी येऊन बसलेल्या बंधुभगिनींनो, आपणा सर्वांना नमस्कार.

संगीताचे आयुष्यातील फायदे सांगून त्या निमित्ताने ताईंविषयी बोलावे, असा मला आदेश आहे. मी संगीत शिकलेलो नाही. आमची मुलगी मैत्री संगणकाच्या कंपनीत आहे. गाण्याने रक्तदाब उतरतो, असे तिने इंटरनेटवर वाचले आहे. उतरत असेल. मला फक्त एक उतरलेली पट्टी ठाऊक आहे, तेवढी सांगतो.

सहा वर्षांपूर्वी मी गुरुवारच्या भजनाला प्रथम आलो. ताई पेटीवर होत्या. त्यांनी अदबीने विचारले, “आपल्याला कोणती पट्टी लागते?” मी खेड्यातल्या शाळेत शिकलेला माणूस. खरे ते सांगितले, “लाकडी.”

रामदासकाका हसलेसुद्धा नाहीत. “मग टाळ घ्या,” म्हणाले. “मारायचं काम इथं मी करतो.”

गाणाऱ्याचा सा पेटीच्या ज्या स्वरावर सुखाने बसतो, ती त्याची पट्टी, हे मला त्या दिवशी कळले. आपल्या मंडळाची पट्टी काळी चार. म्हणजे चांगली उंच.

गेल्या वर्षी आई गेली आणि मी वडिलांना गावाहून इथे आणले. पहिल्या रांगेत पांढऱ्या टोपीत बसले आहेत ते, गेनबाअण्णा. गावच्या भजनात चाळीस वर्षे पुढे उभे राहून गायलेले. इथे आल्यावर त्यांनी कपड्यांची पिशवी काही उघडली नाही. ती दाराआड भरलेलीच असायची. रोज सकाळी चहा झाला की विचारायचे, “आज गाडी हाय का?” गावच्या बंद घरात ते एकटे कसे राहणार, हा माझा घोर. पण धरून तरी किती दिवस ठेवणार?

एका गुरुवारी त्यांना इथे घेऊन आलो. दुसऱ्याच ओळीला आवाज फाटला. अण्णांनी खोकल्याचे निमित्त केले आणि टाळ खाली ठेवले. घरी जाताना एवढेच म्हणाले, “आवाज बी तिच्याबरोबर गेला.”

पुढच्या गुरुवारी मी त्यांना कसेबसे आणले. ताईंनी कुणाला न सांगता पेटी एका सुराने खाली धरली. त्याच्या पुढच्या गुरुवारी आणखी एक सूर. तिसऱ्या आठवड्याला, नेहमी वर चढून गाणाऱ्या दीपालीवहिनींनी विचारले, “आज भजन आहे की जप?” रामदासकाकांनी तबला लावायची हातोडी खाली ठेवली. “बाई, पेटी बिघडलीय की तुम्ही?”

“हवा दमट आहे,” ताई म्हणाल्या.

काकांनी अण्णांकडे एकदा पाहिले. पुढच्या गुरुवारी ते मोठ्या तोंडाचा, खालच्या सुराचा तबला घेऊन आले. हवेबद्दल काही बोलले नाहीत. वहिनीही मुकाट्याने खर्जात गाऊ लागल्या.

पाचव्या गुरुवारी पेटी काळी दोनवर आली आणि अण्णा अख्खा अभंग गायले. शेवटी डोळे मिटून उभे राहिले, तसेच, गावी राहायचे तसे. देव कुठे भेटतो ते मला माहीत नाही. पण त्या दिवशी तो आपल्या या सभागृहात सतरंजीवर बसला होता, असे मी धरून चालतो. दुसऱ्या दिवशी पाहतो तर कपडे कपाटात, आणि रिकामी पिशवी घेऊन अण्णा मेथी आणायला निघालेले.

आता ताई मुलाकडे बेंगळुरूला चालल्या. हे गुपित आज फोडावे की नाही, या विचारात मी दुपारी भाषणाचा कागद घेऊन बसलो होतो. तेव्हा अण्णाच म्हणाले, “पट्टीचं सांग की.”

मी दचकलो.

“आरं, उभा जन्म काळी चारवर गेला माझा. मला कळणार न्हाई व्हय? पयल्याच गुरुवारी कळलं.”

मग बोलला का नाहीत, असे मी विचारले.

“बाई येवढं जपून उतरवत होती. मी बोललो असतो, तर तिचा हात थांबला असता.”

ताई, आपण अण्णांना सांभाळत होता आणि अण्णा आपल्याला. मंडळी, संगीताचा याहून मोठा फायदा मला सांगता यायचा नाही.

मघाशी हार घालण्याआधी मैत्री पहिल्यांदा पेटीवर बसली. ताईंनी शिकवल्याप्रमाणे तिने अदबीने विचारले, “आजोबा, आपल्याला कोणती पट्टी लागते?” आपण सर्वांनी उत्तर ऐकले. एवढ्या माणसांत अण्णा खणखणीत आवाजात म्हणाले, “काळी दोन. म्हातारा झालोय मी.”

बोलण्याची संधी दिल्याबद्दल मंडळाचे आभार. माझा सूर कुठे चढला, कुठे घसरला असेल, तर ताईंनी अण्णांना घेतले तसे मलाही सांभाळून घ्या. अण्णांनी टाळ हातात घेतले आहेत. तेव्हा मी आता खाली बसतो. नमस्कार.