घोडीच्या शेपटीचा एक केस

बसा, बसा. कुणी उठू नका. कॉलनीतल्या बठ्ठ्या, सगळ्या मंडळींनो, आणि मनीषाताई, तुम्ही जळगावहून आईचा, आमच्या अक्कांचा, फोटो मांडीवर घेऊन आलात, तुम्हाला आधी हात जोडतो.

मला भाषण येत नाही. सातवीत शाळा सुटली, पुढचा सगळा जन्म कापसाच्या जिनिंगच्या यंत्राजवळ गेला. तिथं बोललेलं कुणाला ऐकूच जात नसे. हा माईक तोंडापासून किती लांब धरायचा, तेही मला ठाऊक नाही. माझं नाव यादीत कुणी घातलं म्हणून तुम्ही एकमेकांकडे बघता आहात. मीच घातलं. सकाळी जाऊन सांगितलं, मला बोलायचं आहे. दुपारी जाऊन सांगितलं, नाव काढा. चार वाजता पुन्हा गेलो आणि म्हटलं, असू द्या. तेव्हा चुकलं तर सांभाळून घ्या.

सिस्टर अक्का गेल्या. नर्सची नोकरी संपवून त्या देवपुरात आमच्या समोरच्या घरात राहायला आल्या, आणि गल्लीचा दवाखाना त्यांच्या ओट्यावर सुरू झाला. कुणाचं प्रेशर, कुणाची पट्टी. हे आधीच्या मंडळींनी माझ्यापेक्षा चांगलं सांगितलं. मी एकच गोष्ट सांगणार आहे. ती पुढून सांगावी की मागून, तेच मला समजत नाही.

माझी नात ओवी. ती बघा, मागं आईजवळ बसली आहे. आता तिसरीत आहे. जन्मली तेव्हा अंगावर काही नव्हतं. पंधरा-वीस दिवसांनी डाव्या डोळ्याच्या वर, भुवई आणि पापणीच्या मध्ये, लाल ठिपका दिसला. आम्हाला वाटलं, मुंगी चावली. मुंगी चावलेलं दोन दिवसांत बसतं ना? हा वाढत गेला. आधी चण्याएवढा, मग बोराएवढा. लालभडक. पोरगी रडली की अजून फुगायचा.

घरात काय बोलणं झालं ते सांगतो. माझी मंडळी तेव्हा होती. ती म्हणाली, "वैशालीनं ग्रहणात वांगं चिरलं असणार." वैशाली म्हणजे माझी सून. वैशाली म्हणाली, "आई, मी वांग्याला हातसुद्धा लावला नाही. मी दिवसभर पडून होते." मंडळी म्हणाली, "मग पडल्या पडल्या नखानं खाजवलं असशील." काय उत्तर द्यायचं पोरीनं याला? हसू नका. तेव्हा मीही बाजूला बसून मान हलवत होतो.

अक्का बघायला आल्या. हात धुतले. बोटानं गाठ अगदी हलकी दाबली. लाल रंग फिका पडला. बोट काढलं, पुन्हा भरला. मला म्हणाल्या, "नाना, या रक्ताच्या बारीक नळ्या आहेत. नको तिथं जास्त वाढल्या आणि त्यांचा गोळा झाला. कॅन्सर नाही. आईच्या काही केल्यानं होत नाही, हे आधी घरात सांगा. अशी गाठ पुष्कळ बाळांना होते. काही महिने वाढते, मग थांबते, मग वर्षा-वर्षानं बसत जाते."

मी म्हटलं, "मग आपोआप जाणार असेल तर दवाखाना कशाला?"

"जागा बघा ना. पाठीवर असती तर मीच म्हणाले असते, नुसतं लक्ष ठेवा. ही पापणीवर ओझं टाकते आहे. या वयात डोळा बघायला शिकत असतो. पापणी खाली आली तर तो डोळा शिकायचा राहून जाईल. मग गाठ गेली तरी नजर येत नाही."

मी तीन वेळा विचारलं, त्यांनी तीन वेळा सांगितलं. माझ्या डोक्यात काय राहिलं? एवढंच, की गाठ वाढते आहे आणि नातीचा डोळा जाणार आहे. बाकी सगळं वाहून गेलं. लहान मुलांच्या डॉक्टरांनी सोमवारी बोलावलं होतं. तो दिवस गुरुवार. मध्ये तीन दिवस. तीन दिवस म्हणजे काय मोठं? पण मला दम निघेना. दर तासाला झोळीत वाकून बघायचो, वाढली का.

आता तुमच्यापैकी म्हाताऱ्या माणसांना हे माहीत आहे. चामखीळ असली की घोडीच्या शेपटीचा केस तिच्या बुडाशी घट्ट बांधतात. ती सुकते, गळून पडते. माझ्या वडिलांच्या मानेवरची अशीच गेली होती. अक्कांनी सांगितलं होतं, ही चामखीळ नाही. पण मला वाटलं, वर आलेली आहे, बुडाला बारीक आहे, मग फरक तो काय?

शुक्रवारी मी नरडाण्याला गेलो. तिथं एक जण वरातीची घोडी ठेवतो. मी घोडीचं विचारलं, तर तो चार माणसांत ओरडला, "काय नाना, परत लगीन करी ऱ्हायना का?" मी म्हटलं, बाबा, फक्त केस पाहिजे. त्यानं दोन उपटून दिले. म्हणाला, "तीन दिनमा गळी पडी, नाना. काळजी करू नका."

शनिवारी सकाळी वैशालीनं ओवीला न्हाऊ घातलं, पाजलं, माझ्याजवळ दिलं आणि स्वतः आंघोळीला गेली. मंडळी देवळात. मुलगा कामावर. घरात मी आणि झोळीतली पोर.

हो. मी बांधला.

मला वाटलं, सैल बांधला तर गुण येणार नाही. म्हणून ओढला. पोरगी किंचाळली आणि रक्त आलं. किती रक्त यावं तिथून? एवढ्याशा गाठीतून? मला ते थांबवता येईना. मी तिला उचललं आणि तसाच समोरच्या घरात पळालो.

अक्का तांदूळ निवडत होत्या. ताट बाजूला सारलं. आधी धुतलेला रुमाल घेऊन गाठ दाबून धरली. मग कात्रीच्या टोकानं केस कापला आणि पुन्हा दाबलं. मला म्हणाल्या, "रिक्षा बघा." वैशाली ओल्या केसांनी धावत आली. पांझरेच्या पुलावरून दवाखान्यापर्यंत अक्कांनी बोट हलवलं नाही. मी दर मिनिटाला म्हणायचो, थांबलं का, बघा ना. त्या म्हणायच्या, "सारखं उघडून बघितलं तर थांबेल कसं? गप्प बसा, नाना."

दवाखान्याच्या दारात वैशालीनं विचारलं, "झालं काय? कसं लागलं?"

सगळे माझ्याकडे बघत होते. आणि मी म्हणालो, "सकाळी न्हाऊ घालताना तुझी बांगडी लागली असेल. ते आत्ता फुटलं."

अक्का तिथंच होत्या. कापलेला केस त्यांच्या रुमालात होता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आत जाऊन डॉक्टरांना मात्र खरं सांगितलं, कारण डॉक्टरांना कळायलाच हवं होतं. बाहेर येऊन मला बाजूला घेतलं. "नाना, हे मी घरात सांगणार नाही. तुम्ही सांगायचं." मी म्हटलं, "सांगतो, अक्का."

पुढं ओवीला औषध सुरू झालं. आधी हृदय तपासलं, मग पाजायचं पातळ औषध दिलं. मला कळलं की ते माझ्या प्रेशरच्या गोळीच्या भाऊबंदातलं आहे. माझं डोकं चक्रावलं. म्हाताऱ्याचं प्रेशर उतरवणारं औषध बाळाची गाठ कशी उतरवतं? अजून मला ते समजलेलं नाही. मी अक्कांना म्हटलं, "मग माझीच अर्धी गोळी उगाळून दिली तर?" त्या अशा उसळल्या, "गोळीच्या डबीला हात लावाल तर हात मोडून ठेवीन!" मग वैशालीला शिकवलं. आधी पाजायचं, मग औषध. पोर दूध पीत नसेल, उलटी झाली असेल, तर औषध द्यायचं नाही, डॉक्टरांना फोन करायचा, नाहीतर अंगातली साखर उतरते. वैशालीनं एक वेळ चुकवली नाही. गाठ आधी काळपट झाली, मग मऊ पडली, मग बसली. आता तिथं थोडी सैल कातडी आहे, आणि माझ्या ओढण्याचा एक पांढरा वण. दोन्ही डोळ्यांना नीट दिसतं.

म्हणजे सगळं चांगलं झालं ना? तसं म्हणावं तर झालं. पण अक्का मला विचारायच्या. दुधाच्या पिशव्या आणताना, ओट्यावर प्रेशर मोजताना. "सांगितलं का, नाना?" मी म्हणायचो, सांगतो. संक्रांतीला विचारलं. ओवी शाळेत गेली त्या दिवशी विचारलं. नंतर त्यांनी विचारणंच सोडलं. ते मला जास्त लागलं. त्यांनी मला माफ केलं, की माझा नाद सोडला? आता कुणाला विचारू?

मनीषाताई, पुढचं ऐकून तुम्हाला राग येईल. तुमचा फोन आला, अक्का गेल्या म्हणून. मी खुर्चीवर बसलो. आणि मला पहिल्यांदा काय वाटलं? हलकं वाटलं. आता विचारणारं कुणी राहिलं नाही, असं वाटलं. ज्या बाईनं माझ्या नातीचं रक्त थांबवलं, ती गेली, आणि मला हलकं वाटलं. मग पाणी प्यायला उठलो, आणि तांब्या तसाच ठेवून परत बसलो. कारण आता गल्लीत खरं ठाऊक असलेला मी एकटाच उरलो होतो. उद्या मीही गेलो, की ते माझ्या सुनेच्या माथ्यावर कायमचं राहणार.

मंडळी, तुम्ही कुणी पाहिलं आहे का? वैशालीच्या हातात काचेच्या बांगड्या नसतात. सणाला नाही, लग्नकार्यात नाही. दोन गुळगुळीत पाटल्या, बस. बायका विचारतात, टोमणे मारतात, "शहरातली झाली ग." ती हसून सोडून देते. दवाखान्यातून आली त्या संध्याकाळी तिनं मोरीपाशी बसून एकेक बांगडी फोडली होती. मी ओसरीवर होतो. मला आवाज येत होता. मी उठलो नाही.

वैशाली, बेटा, तुझी बांगडी लागली नव्हती. केस मी बांधला होता. वांग्यानं काही झालं नव्हतं, नखानं काही झालं नव्हतं. तू काहीच केलं नव्हतंस.

हे घरात सांगायला हवं होतं का? चारचौघांत सांगून मी तुला अजून लाजवलं का? हे मला आत्ता सुचतं आहे, इथं उभं राहिल्यावर. मला वाटलं, तुझ्या हातांवरून टोमणे गल्लीनं मारले, तर तो बोल गल्लीसमोरच पुसायला हवा. चुकलं असेल. मला आता काहीच नक्की सांगता येत नाही. तुझ्याकडे बघायचं धाडससुद्धा होत नाही, म्हणून मी फोटोकडे बघून बोलतो आहे.

अक्का, सांगितलं. फार उशीर झाला, पण सांगितलं.

आता अक्कांसाठी आपण दोन मिनिटं शांत उभे राहू. वैशाली, तुला उठायचं नसेल तर बसून राहा. घरी जायचं असेल तर जा, कुणी अडवणार नाही. आणि घरी गेल्यावर मला जे बोलायचं ते बोल, मोठ्यानं बोल. एवढी वर्षं तू गप्प राहिलीस. आता आम्ही राहतो.

उभे राहा, मंडळी.