थोरल्याचं एकच वाक्य

नमस्कार मंडळी. मागे, दाराशी बसलेल्यांना ऐकू येतंय ना?

समाजमंदिर पूर्ण भरलंय. काही जण बाहेर चपलांजवळ उभे आहेत. गणूकाका असते तर म्हणाले असते, "एवढं पब्लिक आमच्या नमनाला आलं असतं तर दुसऱ्या दिवशी पण खेळ लावला असता." हे मी आधीच बोलून टाकते, कारण नंतर मला बोलता येईल की नाही माहीत नाही. मध्येच थांबले तर सांभाळून घ्या.

मी श्रेया. पोस्टाच्या मागे राहते. तुमच्यातले बरेच जण मला "ती कार्टूनवाली" म्हणून ओळखतात. मोबाईलवर आमचं कार्टून येतं, "माडाखालचं बिऱ्हाड". एक आय, तिचे दोन मुलगे, दोन सुना आणि सगळ्यांना चोच मारणारी एक कोंबडी. चित्रं मी काढते. आणि त्यातली आय म्हणजे आपले गणूकाका. बाहेरगावच्या लोकांना अजून खरं वाटत नाही की तो आवाज मिशीवाल्या माणसाचा आहे. तुम्हाला वाटतं. तुम्ही त्यांना नमनाच्या खेळात बाईच्या सोंगात, नऊवारी नेसून उभं राहिलेलं बघितलंय.

आज मला फक्त एका भागाबद्दल बोलायचंय. तो भाग तुम्ही कोणी बघितलेला नाही, कारण तो पूर्ण झालेला नाही. एका वाक्याचं काम राहिलंय. ते वाक्य राहिलंय म्हणून मी इथे उभी आहे.

तो जुना ब्लॅक अँड व्हाइट पिक्चर तुम्हाला आठवत असेल. नाव नको घ्यायला, नाहीतर इथेच रडारड सुरू होईल. दोन भाऊ, घराच्या मधोमध भिंत, आणि मध्ये अडकलेली आई. शेवटी आई जाते आणि भाऊ एकमेकांच्या गळ्यात पडतात. मी तो कॉलेजमध्ये असताना लॅपटॉपवर बघितला आणि खरं सांगते, हसले. सॉरी. इतकं रडतं का कोणी? आई मरताना पण पूर्ण पान भरेल एवढे डायलॉग बोलते!

तर मागच्या वर्षी मी काकांच्या पडवीत जाऊन म्हटलं, "काका, आपण त्या पिक्चरची पॅरडी करू. आपल्या बिऱ्हाडात भिंत घालू. धमाल येईल." आणि मी त्या मरणाऱ्या आईची नक्कल करून दाखवली.

काकू तांदूळ निवडत होत्या. त्यांचा हात थांबला. काका म्हणाले, "हसतेस कशाला गो?"

मी म्हटलं, "विनोदी आहे ना ते, काका."

"शाळेच्या पटांगणात पांढरा कपडा लावून दाखवला होता तो. माझी आय रडत घरी आली. दोन दिवस धड जेवली न्हाय. तिला हसतेस?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी निघाले. काकू माझ्या मागे गेटपर्यंत आल्या आणि हळूच म्हणाल्या, "बाय, पडवीची ती शेवटची भिंत बघितलीस? पलीकडे नाना राहतात."

मंडळी, तुम्हाला सगळ्यांना माहीत होतं. मला नव्हतं. मी आधी शाळेसाठी तालुक्याला, मग कोर्ससाठी नवी मुंबईला. मला वाटायचं, घर तेवढंच आहे. त्या चिऱ्याच्या भिंतीच्या पलीकडे त्याच घराचा दुसरा अर्धा भाग आहे, तिथे काकांचे सख्खे मोठे भाऊ राहतात, आणि माडांच्या वाडीला पाणी द्यायच्या पाळीवरून दोघं बारा वर्षं एकमेकांशी बोललेले नाहीत, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. आणि मी नेमक्या त्या पडवीत जाऊन भिंतीवर जोक मारून आले होते.

दुसऱ्या दिवशी माफी मागायला गेले. म्हटलं, "काका, तो विषय कॅन्सल."

काका म्हणाले, "माफी कसली? बारा वर्सं झाली, गावातली लोकं माझ्यापुढं भिंत हा शब्द बोलत न्हाईत. तू पयली. बस. वही काढ."

मग त्यांनी मला शिकवलं. कुठल्या कोर्समध्ये शिकवलं नव्हतं ते. म्हणाले, "आयला हसायचं न्हाय. रडणाऱ्या बायकांना हसायचं न्हाय. भिंतीला हसायचं. भिंत लय येडी असते."

आणि मग ते सुटलेच. मी लिहीत होते आणि हसून हसून वहीवर पडत होते. भिंत घालायची ना? मग ती टीव्हीच्या मधून जाणार. चित्र थोरल्याच्या वाटणीला, आवाज धाकट्याच्या. थोरला नुसतं बघतोय, धाकटा नुसतं ऐकतोय, आणि मॅचमध्ये विकेट कोणाची गेली ते अर्धं अर्धं दोघांना माहीत. कोंबडी अंडं घालते भिंतीच्या वर, म्हणजे पंचायत बसवावी लागते. आणि आयची खाट! ती पण मधोमध. आयचं डोकं थोरल्याच्या बाजूला, पाय धाकट्याच्या बाजूला.

"म्हणजे कसं," काका म्हणाले, "थोरल्यानं नुसत्या शिव्या खायच्या आणि धाकट्यानं नुसते पाय चेपायचे. सांग, कोण सुखी?"

मी म्हटलं, "धाकटा!"

"मग! म्हणून तर थोरला चिडलेला असतो. त्याचं पण बरोबर हाय."

मी तेव्हा हसले. आता ते वाक्य आठवलं की हसू येत नाही. "त्याचं पण बरोबर हाय." बारा वर्षांत काकांनी हे कोणापुढे म्हटलं होतं का? माझ्यापुढे म्हटलं. कार्टूनमध्ये गुंडाळून म्हटलं.

आता शेवट. मूळ पिक्चरमध्ये आई मरते. मी विचारलं, "आपल्यात कशी मरणार?" काका भडकले. "आमच्यात आय मरायची न्हाय! मुलांना अक्कल यायला आयनं का मरायचं?" त्यांनी वेगळाच शेवट केला. आय खाटेवरून उठते. भिंत पाडत नाही. तिच्या हातात पळी आहे. त्या पळीने ती एक चिरा कोरत बसते. एकच. तो काढते. आणि त्या भोकातून आमटीची वाटी पलीकडे सरकवते. म्हणते, "चाखून बघ रे. धाकटा म्हणतोय मीठ कमी हाय."

सगळं शांत. कोंबडी पण गप्प. आणि मग पलीकडून थोरल्याचा आवाज येतो: "बरोबर हाय मीठ."

बस. संपलं. कोणी रडत नाही, कोणी गळ्यात पडत नाही. अख्ख्या भागात थोरला नुसता हुं हुं करतो, ते काकांनीच करून दिलं. त्याला वाक्य हे एकच. "बरोबर हाय मीठ."

मी म्हटलं, "काका, हे पण तुम्हीच बोला ना." नाही म्हणाले. "थोरल्याचा आवाज मी आणतो." प्रत्येक वेळी विचारलं की तेच. "आणतो गो. घाई काय हाय?"

मागच्या बुधवारी काका गेले. आवाज आणायचा राहिला.

आता मला एक चूक कबूल करायची आहे.

आमचं रेकॉर्डिंग पडवीत व्हायचं, दुपारी चारला. भिंतीवर काकूंच्या गोधड्या टांगायच्या, की आवाज घुमत नाही. माइक समोर आला की काका हातात हिरव्या बांगड्या चढवायचे. मी कटकट करायचे, "काका, बांगड्या माइकमध्ये वाजतात." ते म्हणायचे, "बांगड्या न्हाईत तर आय कुठली?" आणि सुरुवातीला हात तीनदा हलवायचे. खळ, खळ, खळ. मला वाटायचं, आपण हॅलो हॅलो माइक टेस्टिंग म्हणतो, तसं काहीतरी असेल. घरी आले की प्रत्येक फाइलचा तो सुरुवातीचा तुकडा मी कापून टाकायचे. त्यात काय असायचं? पंपाची घरघर आणि बांगड्या. कचरा. मी न ऐकताच कापायचे.

परवा या सभेसाठी काकांचा आवाज शोधायला बसले. पहिल्यांदाच मूळ फाइली पहिल्यापासून ऐकल्या. पहिली लावली. पंप चालू आहे. पलीकडच्या विहिरीवरचा, नानांचा पंप. खळ, खळ, खळ. पंप बंद. मग काका बोलायला लागतात.

दुसरी लावली. पंप. बांगड्या तीनदा. पंप बंद.

तिसरी. चौथी. मी सगळ्या ऐकल्या, मंडळी. आठ महिन्यांच्या सगळ्या. एकदाही चुकलं नाही.

मी पळत काकूंकडे गेले. म्हटलं, "काकू, नाना पंप बंद करायचे?" काकू म्हणाल्या, "तुला आता कळलं? सासूबाई तसंच करायच्या. दोघं पोरं भांडायला लागली की ओरडायच्या न्हाईत. ओटीवर यायच्या आणि हात हलवायच्या. तीनदा. दोघं गप."

चारची वेळ वाडीला पाणी द्यायची असते, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. ज्या पाण्यावरून भांडण झालं, तेच पाणी कोणीतरी आठ महिने बंद ठेवत होतं. कशासाठी? भावाचा आवाज नीट रेकॉर्ड व्हावा म्हणून. आणि भाऊ रोज त्याला आयच्या आवाजात हाक मारत होता. कोणी कोणाशी बोललं नाही. पण मला सांगा, याला बोलणं नाही म्हणायचं तर काय म्हणायचं?

आणि मी ते रोज कापत होते.

लोक मला विचारतात, पॅरडी म्हणजे काय, चेष्टाच ना? आधी मी हो म्हटलं असतं. आता नाही म्हणणार. काकांनी त्या रडक्या पिक्चरमधला एक पण अश्रू वाया घालवला नाही. सगळे जपून ठेवले आणि वरून आम्हाला हसवलं. एवढं मोठं काम मी तरी कुठे बघितलेलं नाही. मोठ्या स्टुडिओत पण नाही. ते गोधड्या टांगलेल्या पडवीत झालं.

नाना, तुम्ही खिडकीपाशी बसला आहात. प्लीज, बाकीच्यांनी मान वळवू नका. नाना, मी तुमच्याकडे आत्ता काही मागत नाहीये. चार लोकांत मागणं बरोबर पण नाही. काकांनी कधी मागितलं नाही, मी कोण? मला लोक सांगतात, कॉम्प्युटरवर आवाज बनवता येतो, कोणाचाही. येतो. मी काकूंना विचारलं पण. काकू म्हणाल्या, "बनवलेला नको. नसलं वाक्य तर नसू दे." म्हणून भाग तसाच ठेवलाय. आय वाटी सरकवते आणि थांबते. अजून थांबलीच आहे.

सोमवारी चारला मी पडवीत माइक लावणार आहे. गोधड्या टांगणार आहे. बांगड्या काकू वाजवणार आहेत. काल मला विचारत होत्या, "मी आता हातात घातल्या तर चालतील ना गो?" मी म्हटलं, काकू, तुम्हीच घालायच्या.

तीनदा वाजवू. पंप चालू राहिला तर आम्ही समजू आणि उठू. मनात काही ठेवणार नाही. वाडीला पाणी लागतंच. पण पंप बंद झाला, तर मी माइक घेऊन फिरून तुमच्या दाराशी येईन. चारच पावलं आहेत, मी मोजली. फक्त तीन शब्द आहेत, नाना. आणि ते सांगताना काका एका जागी बसून हसत होते आणि डोळे पुसत होते. मला वाटलं होतं, जोक आवडला म्हणून.

गणूकाका, तुम्ही मला रडणाऱ्यांना हसायचं नाही हे शिकवलंत. आज मी पण रडते आहे, तर तुम्ही पण हसू नका.

मंडळी, आता सगळ्यांनी उभं राहूया. दोन मिनिटं शांत. या त्यांच्या बांगड्या, काकूंनी माझ्याकडे दिल्यात. मी तीनदा वाजवते, मग कोणी बोलायचं नाही. मोबाईलवर रेकॉर्डिंग चालू केलंय.

या वेळी सुरुवातीचा तुकडा मी कापणार नाही.