टेकडीच्या वेळी इतिहास

(दक्षिण चिलीतलं, 'मापुचे' या मूळनिवासी जमातीचं एक गाव. म्हातारा लेफिमान चुलीशी बसलाय. त्याची भाची किंतुराय, गावाची वकील, नुकतीच कोर्टातून आली आहे.)

लेफिमान : आडवळणानं नको. टेकडी गेली का?

किंतुराय : गेली, मामा. लाकूड कंपनीची यंत्रं सोमवारी येतील. टेकडी फोडून रस्ता काढणारेत.

लेफिमान : अगं, पण साडेचारशे वर्षांपूर्वीच्या त्या स्पॅनिश शिपायाच्या महाकाव्यात आपलं गाव आहे म्हणाली होतीस. नदीचं वळण, टेकडी, वरची आपल्या पूर्वजांची थडगी.

किंतुराय : आहेच. तो स्वतः आपल्याविरुद्धच्या लढाईत होता, म्हणून न्यायाधीशांनी ते काव्य, आपण इथले जुने याचा पुरावा म्हणून घेतलं. मला वाटलं, जिंकलो.

लेफिमान : मग माशी कुठं शिंकली?

किंतुराय : कंपनीच्या वकिलानं पुढची कडवी वाचली. पहाटे हल्ला झाला, गाव जळालं, तान्हं मूलसुद्धा उरलं नाही. म्हणाला, काव्य खरं मानायचं तर सगळं माना. त्या गावाचा निर्वंश झाला, मग हे लोक कोण?

लेफिमान : तू गप्प बसलीस?

किंतुराय : नाही हो. म्हटलं, कवी आहे तो. स्पेनच्या राजाला रडवायचं होतं, म्हणून सगळ्यांना मारलं त्यानं. न्यायाधीश म्हणाले, बाई, टेकडीच्या वेळी इतिहास आणि मरणाच्या वेळी काव्य, असं चालत नाही.

लेफिमान : आणि त्या पहाटे वेळूच्या बनात लपलेली ती पोटुशी बाई? तिच्यापासून आपण झालो. मी साक्षीत सांगितलं होतं.

किंतुराय : 'ऐकीव' म्हणून सोडून दिलं.

लेफिमान : मारणाऱ्यानं सांगितलं ते खरं. वाचलेल्यांनी सांगितलं ते ऐकीव.

किंतुराय : मामा, विद्यापीठात ती कडवी वाचताना मला रडू यायचं. इतकं सुंदर लिहिलंय.

लेफिमान : असेल. वरचं कोर्ट?

किंतुराय : तिथंही हेच काव्य वाचलं जाणार. वाट उरलेली नाही.

लेफिमान : माझी काठी दे. उजेड आहे तोवर वर जाऊन येऊ.

किंतुराय : आता वर जाऊन काय करायचं?

लेफिमान : त्यांना सांगायला नको? यंत्रांकडून कळण्यापेक्षा घरच्यांकडून कळलेलं बरं.