रेघ नसलेला कागद

सून : कुठे बिघडलाय, आई? पाण्यावरचा रंग कागदावर छान तर उमटलाय.

सासू : तोंडदेखलं बोलू नकोस. सगळ्या नक्षीवर आडव्या रेघा आल्यात. माझा हात थरथरला, तसा कागदही पाण्यावर थरथरत टेकला.

सून : लाटांसारखं दिसतं ते. आपल्या बाइंडरला पुस्तकांच्या पुठ्ठ्यांवर तसेच हवे असतात.

सासू : काल तू बाजारात गेलीस तेव्हा तो बाइंडर आला होता. मी विचारलं, लाटांचे कागद खपले का रे? म्हणाला, "कसल्या लाटा, मावशी? वहिनी मला साधेच देतात."

(सून ओला कागद दोरीवर घालायला वळते.)

सासू : पाठ काय फिरवतेस? माझे कागद जातात कुठे?

सून : वरच्या कपाटात.

सासू : आणि त्याला देतेस ते?

सून : मी करते. तुम्ही दुपारी झोपलात की.

सासू : वा! "आई, जरा पडा, आई, जरा पडा." मला वाटायचं, काय गुणाची सून मिळालीय!

सून : कसं सांगणार होते? आयुष्य गेलं तुमचं या पाण्याच्या ट्रेपाशी.

सासू : म्हणून लहान मुलासारखं खेळवायचं? राग आलाय मला.

सून : चुकलं, आई.

सासू : चुकलंच. आता माझ्यासमोर टाक एक. सरक, पाण्यावर रंग मी शिंपडते.

सून : अगंबाई, किती बारीक ठिपके! माझ्या ब्रशमधून नुसते गोळे पडतात.

सासू : पडणारच. अंगावर पाल पडल्यासारखा झटकतेस तू ब्रश. माझ्या हाताला आता झटकावंही लागत नाही, आपोआप शिंपडतो. हं, फिरव रंगातून कंगवा. हळू. आता कागद घे. आधी कोपरा टेकव, मग सोडत जा. मध्ये थांबलीस की रेघ आलीच.

सून : तुम्ही बघत असलात की हात अडतो माझा.

सासू : सवय कर. आता रोज बघणार आहे. रंग माझा, कागद तुझा. टाक.

(सून कागद पाण्यावर सोडते, मग अलगद उचलते.)

सून : आई, कसा आलाय, बघा ना.

सासू : एकसुद्धा रेघ नाही.

सून : मग डोळे का पुसताय?

सासू : वाईट वाटतंय गं मला. पण कागद चांगला झालाय. घाल दोरीवर.