वैशाखातली मोजणी

परक्यांच्या बोलण्याकडे कान देण्याची माझी रीत नाही. परंतु बोथच्या बसस्थानकावर शकुबाई नावाची वृद्धा माझ्याच बाकावर बसली होती, आणि कचेरीतून परतलेले तिचे दीर बाबाराव तिच्याशी बोलू लागले.

“टाकी मंजूर झाली काय, भाऊजी?”

“नाई, वयनी. साहेब म्हणते, पुढल्या तीस वर्षांचं पाणी माणसं पाहून ठरते. तुमच्या गावात माणसंच नाईत.”

“काऊन नाईत?”

“मोजणी वैशाखात झाली. विहीर आटली, तवा अर्धं गाव सोयऱ्यांकडं गेलं होतं.”

“पाणी नव्हतं म्हणूनच गेले नं ते!”

“म्या तेच सांगतलं. तो म्हणे, घरोघरी इचारूनच लिवलं. तुमाले इचारलं होतं?”

“इचारलं होतं. म्या म्हटलं, घरात एकटीच हावो. खोटं कायले बोलू? तवा एकटीच होती.”

“लेक, सून, नातू सांगाचे होते, वयनी.”

“सून म्हणे, टाकी झाली की लेकरं घेऊन कायमची येतो. आता तिले काय सांगू?”

“मी सांगतो.”

“नका सांगू, भाऊजी. पाण्यासाठी नवा हंडा आधीच धाडला तिनं. कालच घासून ठेवला म्या.”