कुंकवाचं बोट

सुरेखा : काढायची म्हणजे कशी? आपण नखं काढतो तशी?

नीलांबरी : नाही आई, अजून आलेलीच नसतात. डोक्यावर दोन बाजूंना हरभऱ्याएवढे कोंब असतात फक्त. ते तापलेल्या डागणीने जाळायचे. मग तिथे शिंग उगवतच नाही.

सुरेखा : आणि हे तू करणार.

नीलांबरी : हो.

सुरेखा : आज.

नीलांबरी : म्हणून तर सकाळी म्हटलं, आज घरी थांबा.

सुरेखा : वासरांचं काम आहे, एवढंच म्हणालीस. मला वाटलं लसबिस टोचायची असेल. अगं, आज वसुबारस. गाय-वासराची पूजा करायचा दिवस. पुण्यात मी ताट घेऊन गवळ्याच्या दारात रांगेत उभी राहायचे. इथे सूनच गुरांची डॉक्टर, म्हणून हौसेने गाडीत येऊन बसले, तर सून निघालीय वासरांना डागायला.

नीलांबरी : हौस कसली, शिंगं मोडून वासरांत शिरायला निघालात.

सुरेखा : कर थट्टा. मार्चमध्ये दोन महिन्यांसाठी आले, दिवाळी आली तरी करोनापायी विमानात बसायची हिंमत होत नाही. या डच मुलखात, रायस्वाइकच्या त्या घरात दिवसभर श्रीहर्षच्या मीटिंगा. कुकरची शिट्टी झाली की माझाच मुलगा माझ्याकडे असा बघतो, की शिट्टी कुकरने नाही, मी मारलीय. त्याला माहीत आहे का तू हे काम करतेस ते?

नीलांबरी : आहे. तुम्हाला इतक्यात सांगू नको म्हणाला.

सुरेखा : का?

नीलांबरी : गाईगुरांचं आहे म्हणून.

सुरेखा : तरीच. दवाखाना कुत्र्यामांजरांचा का गं, असं विचारलं की दोघंही जेवणात डोकं खुपसायचात. बरं, मला एक सांग, या लोकांना शिंगांचा एवढा राग का?

नीलांबरी : राग नाही. इथे दावणीला बांधत नाहीत, जनावरं गोठ्यात मोकळी फिरतात. खाण्यावरून ढकलाढकली होते, एकमेकींची पोटं फाडतात. माणसालाही लागतं.

सुरेखा : मग जागा मोठी द्यावी.

नीलांबरी : देतात काही जण. शिंगं ठेवणारे शेतकरीही आहेत इथे. पण सगळ्यांना नाही जमत.

सुरेखा : आमच्याकडे खिल्लारी बैलाचं निम्मं रूप शिंगांतच. पोळ्याला रंग काय, बेगड काय. शिंगं काढली तर तो बैल की घोडा कळायचं नाही. आणि दुखत असेल ना गं?

नीलांबरी : भूल देतात. त्याशिवाय डागायचंच नाही, इथला नियमच आहे. डोळा आणि कोंब यांच्या मध्ये इंजेक्शन द्यायचं, थोडं थांबायचं, मग सुई टोचून बघायची. वासरू हललं नाही तरच डागणी लावायची.

सुरेखा : भूल तू देणार?

नीलांबरी : नाही, मार्लूस देणार. ती मुख्य डॉक्टर. माझी परळची डिग्री इथे अजून चालत नाही, परीक्षा बाकी आहेत. तिचा नेहमीचा असिस्टंट क्वारंटाइनमध्ये आहे म्हणून मला बोलावलंय. आजचा दिवस नीट गेला तर कायम ठेवीन म्हणाली.

सुरेखा : आणि नीट नाही गेला तर?

नीलांबरी : तर परत घरी. तुम्ही, मी आणि कुकर.

सुरेखा : असं बोलू नये. तू लग्नाआधी दवाखाना चालवलेली मुलगी. दोन वर्षं घरात बसून तुझा चेहरा कसा झालाय ते मला दिसतं, मी बोलत नाही एवढंच. ते बघ, त्या दिसतायत त्याच का गाई? पांढऱ्याशुभ्र आहेत की. दूध किती देतात?

नीलांबरी : दूध काढत नाहीत त्यांचं. सगळं वासरूच पितं. आईपाशीच असतं ते.

सुरेखा : सगळं? मग भाग्यवान म्हणायची. आम्ही आज एक दिवस दूध घेत नाही, वासराचा हक्क म्हणून. इथे वर्षभर वसुबारस. पण मग यांना पाळतात कशाला?

नीलांबरी : आई...

सुरेखा : काय?

नीलांबरी : मांसासाठी.

सुरेखा : म्हणजे कापायला?

नीलांबरी : म्हणून सांगत नव्हतो.

सुरेखा : खिडकी जरा खाली कर.

नीलांबरी : थंडी आहे.

सुरेखा : असू दे. वाईट वाटतंय मला, खोटं कशाला बोलू. तुझ्यावर राग नाही. पण मी नाही येत आत. गाडीतच बसते.

नीलांबरी : बसा. मार्लूसलाही तसंच सांगितलंय. करोनामुळे बाहेरची माणसं गोठ्यात नको असतात त्यांना.

(काही वेळाने. गोठ्यातला वासरांचा कप्पा. सुरेखाबाई मास्क लावून आत उभ्या. नीलांबरी गॅसवर तापलेली डागणी घेऊन येते.)

नीलांबरी : आई, तुम्ही आत कशा?

सुरेखा : त्या शेतकरीणबाईंनी हात करून बोलावलं. दीड मीटर पुढे त्या, दीड मीटर मागे मी. पायांत घालायला या निळ्या पिशव्या दिल्या आणि वासरांकडे बोट दाखवून निघून गेल्या. मघाशी नाही म्हटलं खरं, पण एका वासराने गाडीकडे बघून हंबरडा फोडला, मग राहवलं नाही.

नीलांबरी : बरं झालं. मला हात हवाच होता. पलीकडे एका गाईचं वासरू आडवं आलंय, मार्लूस धावत तिकडे गेली. मला वाटलं हा कप्पा अर्धाच राहिला असेल, पण सगळ्यांना लाल खूण दिसतेय. म्हणजे भूल देऊन संपवून गेली वाटतं. याला धरा. मान काखेत घ्या, हनुवटी वर. घाबरू नका.

सुरेखा : मी कशाला घाबरू? हा गोऱ्हा का कालवड?

नीलांबरी : कालवड. धरलीत? सुई टोचते. बघा, हलली नाही. आता डागणी. झालं. दुसरी बाजू. झालं.

सुरेखा : एवढंच? वास मात्र केस जळाल्याचा येतोय. आणि हे भोवती तांबूस कडं उमटलंय ते?

नीलांबरी : तेच पाहिजे. कडं पूर्ण उमटलं की मूळ जळालं.

सुरेखा : हिला काहीच कळलं नाही गं. माझी बांगडी चाटतेय. मला आपलं उगाच वाटत होतं. तुला सांगते, आत आले तेव्हा डोळ्यांत पाणीच होतं, पण यांच्या कपाळाकडे बघितलं आणि...

नीलांबरी : नंतर सांगा आई. डागणी गार व्हायच्या आत पुढचं घेऊ. हा गोऱ्हा धरा.

सुरेखा : धरला. दांडगा आहे. अगं, याला सुई...

नीलांबरी : खूण आहे ना. घट्ट धरा.

सुरेखा : नीलांबरी, काढ ते. काढ, काढ.

नीलांबरी : काढली. काढली, आई. सोडू नका त्याला. टेकली जेमतेम. पाणी द्या, ती बादली. ओता, हळू. ओतत राहा.

सुरेखा : केवढ्याने ओरडला. अजून थरथरतोय. माझ्या हाताला कळतंय. याची भूल उतरली का?

नीलांबरी : इतक्यात नाही उतरत. याला दिलेलीच नाही. पण खूण कशी मग? मार्लूस भूल दिल्याशिवाय लाल खडू लावत नाही.

सुरेखा : लाल खडू?

नीलांबरी : भूल दिली की कपाळावर ओढायचा. म्हणजे कुणाचं राहिलं, कुणाचं झालं ते कळतं.

सुरेखा : अगं बाई. तो खडू होता?

नीलांबरी : आई, तुम्ही काय केलंत?

सुरेखा : मी आत आले तर निम्म्या वासरांच्या कपाळाला लाल. मला वाटलं, तू लावलंस. वसुबारस म्हणून. डागायच्या आधी सुनेने टिळा लावला, म्हणून भरून आलं मला. आणि बाकीची तशीच राहिली होती, तर पर्समधली डबी काढली आणि...

नीलांबरी : कुंकू लावलंत.

सुरेखा : सगळ्यांना. एकेकाच्या पाया पडून. आणि वर माझ्याच हातांनी याला धरून ठेवलं. माझंच चुकलं गं.

नीलांबरी : तुमचं नाही. सुई टोचायची होती मला, तुम्ही आठवणही केलीत. माझंच लक्ष डागणीकडे. नीट व्हायला हवा होता ना आजचा दिवस.

सुरेखा : ऐक माझं. ती बाई पलीकडे आहे. कुणी पाहिलेलं नाही. ओरडला तर काय, वासरं ओरडतातच. मी पुसून काढते माझं कुंकू, राहिलेल्यांना भूल द्यायला सांग. विषय संपला.

नीलांबरी : कुठलं तुमचं आणि कुठला तिचा? एकमेकांना चाटून दोन्ही पसरलंय. बघा, मलाही सांगता येत नाही.

सुरेखा : मग सगळ्यांनाच पुन्हा देऊ दे.

नीलांबरी : एवढ्या लहान जिवाला दुप्पट औषध झालं तर झटके येतात. एकेकाला टोचूनच बघावं लागेल. आणि त्याआधी तिला सांगावं लागेल. काय सांगू पण? सासूला आत येऊ दिलं, सासूने पूजा केली, आणि मी खूण बघून डागायला गेले? पुन्हा उभी करेल ती मला?

सुरेखा : नाही करणार, असं वाटतंय तुला?

नीलांबरी : मी असते तर नसती केली.

सुरेखा : मग नको सांगूस. पोरी, तुझ्यासाठीच बोलतेय मी. दोन वर्षांनी तुझ्या हाताला काम आलंय.

नीलांबरी : तुम्ही त्याला सोडत का नाही आहात?

सुरेखा : थरथर थांबत नाही त्याची. कसा सोडू?

नीलांबरी : पाणी ओता अजून.

सुरेखा : चल, सांगून टाकू. मी येते तुझ्याबरोबर.

नीलांबरी : तुम्हाला ना डच येतं, ना तिला मराठी.

सुरेखा : हे बोट आहे ना लाल. ते दाखवीन. पुढचं तू बोल.

नीलांबरी : दीड मीटर लांबून.

सुरेखा : दीड मीटर लांबून.

नीलांबरी : चला.

(थोड्या वेळाने. तोच कप्पा. मार्लूस मघाच्या गोऱ्ह्याला भूल देऊन पुन्हा पलीकडे गेली आहे, सुरेखाबाई त्याला धरून.)

सुरेखा : आता तरी सांग, काय म्हणाली. मला नुसतं दिसत होतं, ती बोटाकडे बघतेय, मग तुझ्याकडे, मग परत बोटाकडे.

नीलांबरी : मग विचारलं, सुई टोचली होतीस का. नाही म्हटलं. म्हणाली, खडू मी माझ्या सोयीसाठी ओढते. विचारायचं वासराला.

सुरेखा : बरोबर आहे तिचं. आणि माझ्याबद्दल?

नीलांबरी : हे कशाचं लावलंय, विचारत होती. हळद आणि चुना असतो असं सांगितलं. आज त्यांच्या पूजेचा दिवस असतो म्हटलं.

सुरेखा : हसली असेल.

नीलांबरी : नाही. म्हणाली, वासरांचा दिवस आहे तर आज आपल्याला घाई नको.

सुरेखा : बाई सरळ आहे. आणि तुझ्या कामाचं?

नीलांबरी : डागणी काढून घेतली. आज तीच डागणार. मी फक्त टोचून बघायचं आणि भूल नसलेली वेगळी काढायची.

सुरेखा : कायम ठेवण्याचं काही बोलली?

नीलांबरी : नाही बोलली. पुढच्या आठवड्यात दुसऱ्या शेतावर ये म्हणाली, डागणीशिवाय. त्याचा अर्थ मला नाही कळला, आणि विचारायचा धीर नाही झाला.

सुरेखा : ये म्हणाली ना? मग जायचं. मी घरी थांबेन.

नीलांबरी : तुमचंही विचारलं तिने. सासूबाई धरतात छान म्हणाली.

सुरेखा : मला कशाला चढवतेस. याला किती वेळ झाला गं इंजेक्शन देऊन?

नीलांबरी : होत आलाय. पापणी बघा त्याची, खाली उतरतेय. म्हणजे चढतेय भूल.

सुरेखा : दोन्ही डोळ्यांची?

नीलांबरी : दोन्ही. मान काखेत घ्या. टोचते. नाही हलला.

सुरेखा : दुसऱ्या बाजूला?

नीलांबरी : तिथेही नाही. बोलावू मार्लूसला?

सुरेखा : थांब. पुन्हा एकदा टोच.